एका डोळ्याचा निळा

गॅसची ज्योत निळी असते हे पेंटरला ठाऊक नव्हतं असं नाही. साऱ्या जगाला ठाऊक असतं तसं त्यालाही होतं. पण त्या सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात आला, आदल्याच दिवशी पट्टी काढलेल्या उजव्या डोळ्याने चहाच्या पातेल्याखाली त्याची नजर गेली, आणि त्याचा हात आपसूक चौकटीवर टेकला. एवढा निळा? इतका उघडा, बेधडक निळा त्याच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ जळत होता आणि कोणी काही बोललं नव्हतं? त्याने उजव्या डोळ्यावर तळवा धरला. डाव्या डोळ्याला नेहमीची ज्योत दिसली, मळकट, हिरवटसर, आहे-नाही अशी. मग त्याने डावा झाकला. पुन्हा तो निळा लखलखला. तो बराच वेळ असा एकेक डोळा झाकत उभा राहिला. चहा उतू जायच्या बेतात आला तशी बायको वळली.

"काय झालं? दुखतंय का?"

"नाही."

"मग असे काय उभे आहात दारात?"

"गॅस बदललास का तू?"

ऑपरेशन डोळ्याचं झालं की डोक्याचं, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पातेलं उतरवलं. पेंटर खुर्चीत येऊन बसला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई पट्टी काढताना म्हणाल्या होत्या, "तुमचं भिंग पार कोऱ्या चहासारखं झालं होतं हो. इतके दिवस तुम्ही चहाच्या पेल्यातून जग बघत होता. काम काय करता?" त्याने सांगितलं, रंगकाम. "भिंतींचं?" "नाही. मोटरसायकलच्या टाक्या, हेल्मेटं, कधी गिटार." त्यावर बाई जरा थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, "थोडं वेगळं दिसेल. घाबरू नका, सवय होते." आदल्या दिवशी सगळं नुसतं पाण्यात भिजल्यासारखं होतं, त्यामुळे त्या बोलण्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला नव्हता. आता चहाची बशी हातात धरून तो विचार करू लागला, किती दिवस? मोतीबिंदू काही एका रात्रीत उतरत नाही. कितीतरी वर्षं झाली असतील. आणि त्या वर्षांत आपण रंग कालवत होतो.

पेंटरचा सगळा जन्म आरपार रंगात गेला होता. भिंतीचा रंग, दाराचा रंग हे झाकणारे रंग. खालचं काय ते गुपचूप पोटात घालतात, चूक झाली की वरून दुसरा हात मारला, संपलं. त्याचा रंग तसा नव्हता. त्याच्या धंद्यात त्याला कँडी म्हणत, चोखून पातळ झालेली गोळी उजेडात धरावी तसा. आधी टाकीवर सिल्व्हर मारायचं, आरशासारखं. मग साध्या क्लिअरमध्ये, म्हणजे बिनरंगी वार्निशमध्ये, रंगाच्या अर्काचे थेंब टाकून ते पातळ पाणी फवाऱ्याच्या गनमधून सोडायचं. पहिल्या हातात काहीच दिसत नाही, नुसता वास येतो रंगाचा. दुसऱ्यात जरा लाज वाटल्यासारखी झाक येते. मग हातावर हात चढत जातो तसा तो खोल होत जातो, आणि खालच्या सिल्व्हरवरून उजेड उलटून आला की टाकी आतून पेटल्यासारखी दिसते. पण चुकलं तर दुरुस्ती नाही. कुठे गन रेंगाळली, तिथे डाग. एक हात जास्त पडला, तर तो मागे घेता येत नाही. सगळं घासून पत्र्यापर्यंत जायचं आणि पहिल्यापासून सुरू. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तो खरा, असं त्याचे वडील म्हणायचे. वडिलांनी दुकान काढलं तेव्हा गन पेंटरच्या हातात दिली आणि रंग कालवायचं काम पुढे धाकट्या बहिणीकडे आलं.

ती छोटी. पन्नाशी उलटली तरी छोटीच. लग्न होऊन गेली होती. दोनेक वर्षांत एक बॅग घेऊन परत आली. काय झालं, कसं झालं, ते वडिलांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी दुकानात खिडकीपाशी एक टेबल टाकलं आणि म्हणाले, बस इथे. ती बसली. पेंटरला तेव्हा वाटलं होतं, चार दिवस मन रमेल बिचारीचं. पण तिच्या हातात काय होतं कोण जाणे. गिऱ्हाईक म्हणायचं, पिकल्या चेरीचा लाल हवा, पण चेरी ओली पाहिजे. ती ऐकून घ्यायची, मान तिरकी करायची, आणि थेंब टाकायला लागायची. मोजमाप आधी नाही, आधी नजर. प्लास्टिकचे पारदर्शक चमचे आणून ठेवले होते तिने. कालवलेल्या रंगात चमचा बुडवायचा, उजेडात धरायचा, वाळला की दोरीला टांगायचा. खिडकीत चमच्यांच्या माळा लागल्या होत्या. ऊन आलं की दुकानाच्या फरशीवर लाल-निळे-हिरवे कवडसे पडायचे आणि रस्त्यावरून जाणारी माणसं उगाच थांबायची. "दादा, मारून बघ," ती म्हणायची. तो पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघायचा. बहुतेकदा बरोबर असायचं. मग हळूहळू तो सांगायला लागला, "छोटे, हिरवट मारतोय निळा. एक थेंब जांभळा टाक." ती म्हणायची, "बरं." टाकायची. तो पुन्हा बघायचा. "हं, आता आला."

हे आठवलं तसा पेंटर खुर्चीतून उठला. बायको म्हणाली, "कुठे?" तो म्हणाला, "दुकानात." "डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलंय ना?" "जाऊन लगेच येतो. कामाला हात नाही लावत." तिने काळा चष्मा पुढे केला. त्याने तो खिशात ठेवला. दारात बूट घालताना त्याचं लक्ष पायमोज्यांकडे गेलं. काळे होते, दोन्ही काळे. खणातही सगळे काळेच. पूर्वी त्याच्याकडे गडद निळेही असत. "माझे निळे मोजे कुठे गेले?" त्याने विचारलं. बायको ओटा पुसत होती, ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "तुम्ही एक निळा, एक काळा घालून जायला लागलात. मग मीच सगळे काळे आणून ठेवले." "मला बोलली नाहीस?" "काय बोलायचं?" ती म्हणाली. "रंगवाल्या माणसाला?"

दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. शटर वर करताना त्याने मागे वळून पाहिलं, चोरी करायला आल्यासारखं. आत तोच थिनरचा वास, कोपऱ्यात कॉम्प्रेसर, स्टँडवर अर्धवट घासलेलं एक हेल्मेट. आणि खिडकी. छोटी दुकान सोडून गेल्यावरही चमचे टांगायची पद्धत त्याने सोडली नव्हती. डावीकडच्या माळा तिच्या, उजवीकडच्या त्याच्या. आज ऊन बेताचं होतं, पण पुरेसं. पेंटरने आधी उजवा डोळा झाकला. माळा एकसारख्या होत्या, एकाच घरातल्या भावंडांसारख्या. मग त्याने डावा झाकला, आणि मधेच कोणीतरी रेघ मारल्यासारखी ती खिडकी दुभंगली. तिच्या बाजूला निळा होता, गॅसच्या ज्योतीसारखा, आरपार, हसरा. त्याच्या बाजूला वांग्यांचा ढीग. जांभळा, काळपट, जड. एकामागून एक आपले चमचे त्याने हातात घेतले, काचेला लावून पाहिले. लाल ठीक होते, सोनेरी ठीक होते, म्हणून तर धंदा चालला होता. पण निळ्याचं नाव लावलेला एकही चमचा निळा नव्हता. गेल्या काही वर्षांत निळा मागणारी गिऱ्हाइकं कमी झाली होती. फॅशन गेली निळ्याची, असं तो म्हणायचा. बायकोलाही एकदा जेवताना हे समजावून सांगितलं होतं, लोकांची आवड कशी बदलते ते. तिने त्याच्या ताटात वाढलं होतं आणि हं म्हटलं होतं.

म्हणजे त्याच्या डोळ्यातच पिवळ्याचा एकेक हात चढत गेला होता, इतका सावकाश की कळलंच नाही. त्या पिवळ्यातून निळा हिरवट दिसायचा. हिरवट दिसला की तो जांभळा टाकायचा. तरी उघडला नाही की आणखी एक हात मारायचा. तो तिथेच टेबलाशी, तिच्या स्टुलावर बसला. आणि मग त्याला टाळता येईना, तो दिवस आलाच समोर.

बेकरीवाले दोघे जुळे भाऊ होते. दिसायला एक, बोलायला एक, दोघांच्या भुवयांवर कायम थोडं पीठ. थोरल्याची टाकी दुकानाने आधी केली होती, निळी, आणि तिच्यामुळे गावभर नाव झालं होतं. मग धाकट्याने तशीच गाडी घेतली, म्हणाला, तस्साच रंग पाहिजे, आईला कोणाची कुठली ते कळता कामा नये. छोटी त्या आठवड्यात तापाने फणफणली होती. पेंटर म्हणाला, त्यात काय, मी कालवतो. कालवला, मारला, वरून क्लिअर चढवला, आणि त्याला तो इतका आवडला की त्याने दोघा भावांना थोरल्याची टाकी घेऊन एकदमच बोलावलं, शेजारी-शेजारी ठेवून दाखवायला. छोटी त्याच दिवशी तापातून उठून आली होती. टाक्या स्टँडवर होत्या. जुळ्यांनी टाक्यांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं.  आणि छोटी हलकेच म्हणाली, "दादा, हे दोन वेगळे आहेत."

"कुठे वेगळे? एकच आहेत."

"नाही रे. हा जांभळा झालाय. एकदा बाहेर उन्हात नेऊन बघ ना."

"उन्हात काय न्यायचंय? तीस वर्षं गन चालवतोय मी. काय हो, वेगळे आहेत का?" असं त्याने जुळ्यांना विचारलं होतं. धाकटा चाचरत म्हणाला, "नाही, म्हणजे, चांगलाच आहे." छोटीने पुन्हा तोंड उघडलं. त्यानंतरचं पेंटरला आठवत होतं ते एवढंच, की त्याच्या कानशिलात रक्त चढलं होतं, आणि तो म्हणाला होता, "तुझे डोळे तपासून घे आधी." असंच काहीसं. आणि छोटीने हातातली गाळणी टेबलावर ठेवली, एप्रन खुंटीला अडकवला, आणि ती गेली. परत आली नाही. पुढे कळलं की तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कारखान्यात नोकरी धरली, टूथब्रश बनवणाऱ्या. त्यांच्या रंगीत पारदर्शक दांड्या असतात ना, त्यांचा रंग जमवायचं काम. लग्नकार्यात भेट व्हायची. ती बायकोशी बोलायची, त्याला म्हणायची, "बरा आहेस ना?" तो म्हणायचा, "बरा आहे." एका निळ्यावरून एवढा राग, असं त्याला वाटत राहिलं होतं. माणसाने इतकं लावून घेऊ नये.

आता तिचंच बरोबर निघालं होतं. पेंटरला वाईट वाटत होतं, अगदी आतून वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्याच्या पाठीमागे काहीतरी हलकंही होतं, हे त्याला दुकान बंद करताना जाणवलं. दोष डोळ्याचा होता. भिंगाचा. कोणाच्याही डोळ्यात उतरतो मोतीबिंदू, त्याला माणूस काय करणार? आता जाऊन सांगायचं, छोटे, तू म्हणत होतीस ते खरं होतं गं, मला दिसतच नव्हतं. ती हसेल. चल परत म्हटलं तर येईलही. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "छोटीचं बरोबर होतं." तिला आश्चर्य वाटलं नाही. "मग तिला जाऊन सांगा," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि जास्त बोलू नका. तिचं ऐकून घ्या." आणि डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली तिने त्याच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

बसमध्ये तो खिडकीपाशी बसला. आता डोळ्यांवर चढवलेल्या काळ्या चष्म्याच्या कडेने आत घुसणारं आभाळ, शाळेच्या पोरांच्या पाठीवरची दप्तरं, एका इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर, जिथे तिथे निळा. इतका निळा जगात शिल्लक होता आणि तो आपला वांगी काढत बसला होता. त्याला एकट्यालाच हसू आलं. मग शेजारच्या माणसाने पाहिलं तसं त्याने खोकल्यासारखं केलं.

छोटीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक खोली, त्यातच ओटा, खिडकीत कपबशा पालथ्या घातलेल्या. दार उघडून तिने त्याच्याकडे पाहिलं, मग चष्म्याकडे. "झालं का ऑपरेशन? वहिनीने फोनवर सांगितलं होतं. जिने कशाला चढलास? मी आले असते." तिने खुर्ची पुढे केली, पंखा लावला. पेंटरने येताना जुळवलेलं सगळं सांगून टाकलं, गॅसची ज्योत, चमच्यांच्या माळा, वांगी, डॉक्टरीणबाईंचा कोरा चहा. सांगता सांगता त्याला जोर चढला. तिने मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे छोटे, मला दिसतच नव्हतं गं," तो म्हणाला. "तुला दिसत होतं आणि मला नाही. एवढंच होतं ते."

"मला माहीत होतं," छोटी म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुझ्या डोळ्यांचं. त्या टाकीच्या आधी किती दिवस. तू म्हणायचास ना, एक थेंब जांभळा टाक?"

"हो. टाकायचीस तू."

"नाही टाकायचे. जांभळ्याच्या नावाने साधं क्लिअर टाकायचे. आणि तू म्हणायचास, हं, आता आला." ती हसली, पण लगेच हसू आवरलं. "पहिल्या वेळेला मला वाटलं, चेष्टा करतोयस. मग कळलं की नाही."

पेंटर तिच्याकडे बघत राहिला. म्हणजे ज्या निळ्याने दुकानाचं नाव झालं, तो सगळा निळा या बाईने त्याच्या तोंडावर हो म्हणून, त्याच्या पाठीमागे राखला होता. "सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला बायकोचा ओटा पुसणारा हात दिसला.

"सांगून ऐकलं असतंस?"

"नसतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण एवढं सांभाळून घेतलंस, आणि त्या एका टाकीवरून गेलीस?"

छोटीने मान तिरकी केली, रंग बघताना करायची तशी. "टाकीवरून कोण गेलं? टाकी घासून पुन्हा केली असती आपण. तू जे बोललास त्याच्यावरून गेले मी."

"डोळे तपासून घे म्हणालो ते?"

"ते आधी. त्याच्यानंतर."

"त्याच्यानंतर काय बोललो?"

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. खरं बोलतोय की टाळतोय हे तिला कळायला वेळ लागला. "तुला आठवत नाही," ती शेवटी म्हणाली, प्रश्न न करता. "मी ते रोज... बरं. आठवत नसेल तर राहू दे."

"सांग ना."

"मी नाही उच्चारणार ते. चहा ठेवू का?"

 बसमधून आणलेलं ते हलकंपण कुठे गेलं कळलं नाही. "परत येशील का दुकानात?" असं विचारायचं त्याने ठरवून आणलं होतं, म्हणून त्याने विचारलं. ती म्हणाली, "नको रे. टूथब्रश बरे आहेत. मी जांभळा म्हटलं की जांभळे होतात बिचारे." त्यावर दोघंही थोडं हसले. दुपार कलत होती. त्याने खिसा चाचपला. "थेंबांची वेळ झाली," तो म्हणाला. "घरी ही घालते. मला जमत नाही, डोळा मिटतो."

"दे इकडे. चष्मा काढ, मान मागे कर."

तिने हात धुतले, पुसले, आणि त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उलटा, अगदी जवळ, त्याच्यावर आला. नव्या डोळ्याने त्याने तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. केस पांढरे झाले होते, पिवळट नव्हे, पांढरे. डोळ्यांखालची कातडी पातळ झाली होती आणि तिच्यात एक बारीक निळी शीर होती. किती वर्षं लग्नकार्यात तो या चेहऱ्याकडे पाहून बरा आहे म्हणत आला होता. "वर बघ," ती म्हणाली. थेंब पडला, गार. "आता मीट. मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

त्याने दोन्ही डोळे मिटले. ती ओट्याकडे गेली. नळ सुटला, भांडी वाजू लागली. पापण्यांच्या आत आधी नारिंगी उजेड होता, मग तो विझत गेला. त्या अंधारात पेंटर दुकानात शिरला आणि ते वाक्य शोधू लागला. टाक्या होत्या. जुळे होते. गाळणी तिच्या हातात होती, गाळणीतून एक थेंब टेबलावर पडला होता. पण जुळ्यांपैकी थोरला खाली बघत होता, स्वतःच्या चपलांकडे, आणि धाकटा दाराकडे सरकला होता. ते का? निळा चुकला म्हणून कोणी असं खाली बघत नाही. आणि मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. ओरडून नव्हे. तो ओरडलाच नव्हता. गिऱ्हाइकाला गाडी कधी मिळेल ते सांगावं तशा सरळ, दुकानी आवाजात तो त्या दोघांकडे वळून, तिच्याविषयी बोलला होता: "हिचं मनावर घेऊ नका. नवऱ्याला नको झाली म्हणून बसवलीय इथे. रंगातलं काही कळतं म्हणून नाही."

नळ वाहत होता. पेंटरने खुर्चीचे हात धरले. डोळे उघडावेसे वाटले, उघडले नाहीत.

"छोटे," तो म्हणाला. "आठवलं."

नळ बंद झाला.

"आठवलं मला. सगळं." त्याला पुढे माफ कर म्हणायचं होतं, पण तो शब्द फार लहान वाटला, आणि तो त्याच्या तोंडातून आला नाही. "खोटं बोललो मी," तो म्हणाला. "उलटं होतं ते. तुला कळत होतं म्हणूनच दुकान चाललं."

"मला माहीत आहे ते," ओट्याकडून आवाज आला.

"तुला माहीत आहे गं. त्या दोघांना सांगायला हवं होतं. तिथेच."

 तिची पावलं जवळ आली, स्टूल ओढल्याचा आवाज झाला, आणि ती त्याच्याजवळ कुठेतरी बसली. तिचा श्वास ऐकू येत होता, जरा घोगरा, रडलेल्या माणसाचा असतो तसा, किंवा तापातून उठलेल्या. पापणीखालून एक ओघळ त्याच्या गालावर उतरला, थेंबाचा की कशाचा ते त्याला सांगता आलं नसतं. पुसायला त्याने हात वर केला.

"हात नको लावू," छोटी म्हणाली. "आणि डोळे नको उघडू अजून."